पाणी बोलायच्या आत

“आणि ती... याच दारातून येते,” असं गाईड मिलादाने सहलीसमोर आवाज खाली आणून म्हणायला आणि त्या दारातून पांढरंफटक काहीतरी आत यायला एकच गाठ पडली.

पाऊल वाजलं नाही. होरान किल्ल्यातल्या सरदारांच्या दालनाची लाकडी जमीन आरशासारखी. तिला ओरखडे पडू नयेत म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला बुटांवरून लोकरीच्या जाड सपाता चढवाव्या लागतात. भुतानेही चढवल्या होत्या. केसांत चुना, भुवयांवर चुना, खांद्यावर लाकडाच्या पातळ फळ्यांचा भारा. सहलीतल्या एका आजीबाईंनी छातीवर क्रूस काढला. एक धिप्पाड गृहस्थ बायकोच्या मागे जाऊन उभे राहिले. भूत थबकलं. त्याने सगळ्यांकडे पाहिलं, मिलादाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि नम्रपणे विचारलं, “छपराकडे जायचा जिना कुठून आहे?”

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुपारी अंगणात मिलादाने त्याला गाठलं. “तुम्ही माझ्या भुताचा पार विचका केलात.”

“टाळ्या तर पडल्या,” तो भुवयांवरचा चुना झटकत म्हणाला. “तुमच्या बाईंना कधी पडल्या होत्या?”

ती रागावून वळली खरी... पण वळताना हसली. आणि ते त्याने पाहिलं.

हे मी स्वतः पाहिलेलं नाही. पण किल्ल्याच्या पायथ्याशी माझी खानावळ आहे, आणि वर घाबरलेला प्रत्येक माणूस खाली माझ्याकडेच लसणाचं सूप प्यायला येतो. त्या दिवशी प्रत्येकाने मला हा प्रसंग सांगितला, आणि प्रत्येकाच्या सांगण्यात भुताची उंची वाढत गेली. मी आपली मधली उंची धरून सांगतो आहे.

आमच्या होरानवर तेव्हा चार भुतं होती. एक काळा कुत्रा, एक हसणारा आचारी, एक बिनडोक्याचा गिरणीवाला आणि एक पांढरी बाई. पैकी गिरणीवाला माझा. एका उन्हाळ्यात पाऊस हटेना, वर कोणी फिरकेना, तेव्हा मी त्याला जन्माला घातला. आता तो इतका जुना झाला आहे की शहरातले विद्वान त्याच्यावर भाषणं देतात. आमची भुतं दुपारी बाराला निघतात, खालच्या चर्चची घंटा वाजली की. रात्री किल्ल्याला कुलूप असतं. निघून करणार काय?

पांढरी बाई मात्र माझी नाही. ती खरी.

ती कुनहुता, किल्ल्याच्या जुन्या मालकाची मुलगी. किल्ला खडकावर उभा, पाणी नाही. मालकाने चांदीच्या खाणीतला एक तरुण खोदणारा आणला आणि सांगितलं, पाणी लागलं की मागशील ते देईन. पोरगा वर्षानुवर्षं खडक फोडत खाली खाली गेला. रोज दुपारी कुनहुता काठाशी यायची, आणि दोघं त्या अंधारातून एकमेकांशी बोलायची. एके दुपारी खालून त्याचा आवाज आला, की ओल दिसते आहे, आता मागतो. कुनहुता, येशील माझ्याबरोबर?

काठावर बाप उभा, नोकरचाकर उभे. पोरगी लाजली. उत्तर ओठांवर होतं, पण तिने जरा वेळ घेतला... आणि तेवढ्यात खाली खडक फुटला. पाणी आलं. तिने मग जे काही सांगितलं ते पाण्यानेच ऐकलं.

इथपर्यंतची गोष्ट मिलादा रोज सांगायची. ती कोळशाच्या खाणींच्या शहरातून आलेली, इतिहास शिकलेली मुलगी. एका उन्हाळ्यापुरती गाईड म्हणून किल्ल्यावर लागली होती. आमच्याकडे सरहद्दी उघडून काही वर्षंच झाली होती, परदेशी पाहुण्यांची नुसती रीघ. मिलादा गोष्ट संपवायची, मग पेलाभर पाणी विहिरीत ओतायची आणि ओठांवर बोट ठेवायची. विहीर इतकी खोल की ओतलेलं पाणी खाली पोचेपर्यंत माणसाला वाटावं, हरवलं वाटतं. सगळे श्वास धरून उभे. मग फार खालून, दुसऱ्याच कुठल्या तरी जगातून यावा तसा आवाज यायचा... डुबुक. त्याच्या आत कोणी खोकला, तरी मिलादाचे डोळे त्याच्याकडे असे वळायचे की माणूस खोकला गिळून टाकायचा. एकदा राजधानीतून आलेल्या मंत्र्यालाही तिने बोटानेच गप्प केलं होतं.

पण गोष्टीचं एक शेपूट आहे. ते आम्ही बाहेरच्यांना सांगत नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही लांब राहता. आमच्या गावात लग्नाचं विचारायचं ते त्या विहिरीवर. मुलगा खालच्या नदीतून एक गोटा घेऊन जातो. गोटा विहिरीत सोडतो आणि विचारतो. मुलीने उत्तर द्यायचं ते पाणी बोलायच्या आत. पाणी आधी बोललं, तर तिचं उत्तर नाही असं समजायचं. मग वाद घालायचा नाही, रडायचं नाही, आणि पुन्हा कधीही विचारायचं नाही. जो दुसऱ्यांदा विचारतो त्याला कुनहुताच्या खोदणाऱ्यासारखं पाणी नेतं. माझ्या ओतिलियाने तर गोटा माझ्या हातातून सुटायच्या आधीच ‘हो’ म्हणून टाकलं होतं. ती अजून म्हणते, असं काही झालंच नाही.

मिलादाला हे कोणी सांगितलं नाही. लपवलं असं नव्हे. जी बाई रोज त्या विहिरीपाशी उभी राहून कुनहुताची गोष्ट सांगते, तिला एवढंही ठाऊक नसेल, हे आमच्यापैकी कोणाच्या स्वप्नातही आलं नाही.

रादिमच्या तर नाहीच नाही. रादिम म्हणजे ते चुन्याचं भूत. आमच्याच गावातल्या दोरोताबाईंचा मुलगा, लाकडी कौलं बसवणारा. लार्चच्या झाडाचा ओंडका हाताने चिरून त्याची पातळ कौलं करायची, एकमेकांत अडकवत छपरावर बसवायची, हे काम त्याच्या घराण्यात चालत आलेलं. होरानचं अख्खं छप्पर त्या उन्हाळ्यात त्याच्या अंगावर होतं. आणि खरं सांगायचं तर ते काम लवकर उरकलं असतं. पण रोज दुपारी बाराला त्याला नेमकं विहिरीवरच्या छपरावर काहीतरी काम निघायचं.

ती खालून म्हणायची, “वर कबुतरं फार झालीत.” वरून उत्तर यायचं, “हो ना, आणि खाली कोणीतरी फार बडबडतंय, त्यांना झोप लागत नाही.” पाहुण्यांना वाटायचं, हाही खेळाचाच भाग.

संध्याकाळी दोघं माझ्याकडे. आधी वेगवेगळ्या बाकांवर, मग एका बाकावर, मग त्या बाकाच्या एकाच टोकाला. आमच्याकडे ‘तुम्ही’वरून ‘तू’वर यायचं तर पेला पेल्याला लावून, नाव सांगून यावं लागतं. रादिमने बिअरचा पेला उचलला आणि म्हणाला, “मी रादिम.” ती म्हणाली, “ते मला केव्हाचं माहीत आहे.” तो म्हणाला, “मग ‘तू’ म्हण ना.” तिने पेला लावला... आणि लाजून सगळी बिअर एका दमात संपवली. ओतिलियाने मला कोपराने ढोसलं. म्हणजे मी पाहत नव्हतो असं नाही.

उन्हाळा सरत आला तसं त्याने तिला एक भेट दिली. विहिरीवरच्या छपरात एक कौल मुद्दाम बसवलं नाही. बोटभर फट ठेवली, अशा जागी, की बरोबर दुपारी उन्हाची एक तिरीप आत उतरून विहिरीच्या काठावर पडावी. मिलादा ओतायची तेव्हा ते पाणी क्षणभर चमकायचं, मग अंधारात जायचं.

“आणि पाऊस आला की?” तिने विचारलं.

“मग भिजायचं थोडंसं.”

“मी?”

“नाही, तुझी पांढरी बाई. तू माझ्या जॅकेटखाली उभी राहा.”

शेवटचं कौल बसलं त्याच आठवड्यात रादिमला नॉर्वेहून बोलावणं आलं. तिथे लाकडाची जुनी चर्चं आहेत, त्यांना असे हात हवे होते. काम कित्येक वर्षांचं. तो माझ्या खानावळीत आला, कोपऱ्यात बसला, सूप गार होऊ दिलं. मग म्हणाला, “काका, ती हो म्हणाली तर मी जात नाही. पलीकडच्या खोऱ्यातल्या किल्ल्याचं छप्पर गळतंय, पोटापुरतं मिळेल. नाही म्हणाली तर मात्र मला इथून ते छप्पर रोज बघवणार नाही.”

मी म्हटलं, नदीवर जाऊन ये.

तो गेला. चांगला गोलसर, पांढरी रेघ असलेला गोटा घेऊन आला. ओतिलियाने त्याच्या सदऱ्याची कॉलर सरळ केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास, फेरीच्या जरा आधी, मिलादा पेला घेऊन विहिरीपाशी आली, तर रादिम काठावर बसलेला. भांग पाडलेला, धुतलेला सदरा.

“आज चुना नाही? बरं वाटत नाहीये का?”

“मिलादा,” तो उठून उभा राहिला. त्याने मूठ विहिरीवर धरली. “गोटा टाकतोय.”

आमच्या गावातल्या कुठल्याही मुलीला एवढ्यावर सगळं कळलं असतं. मिलादा हसून म्हणाली, “टाक की. विहीर काय माझी आहे?”

त्याने मूठ उघडली. “माझ्याबरोबर घर करशील?”

उन्हाच्या तिरिपीत गोटा चमकला आणि गेला.

तिने मला नंतर सांगितलं, की तिने विहिरीचा काठ घट्ट धरला. ‘हो’ जिभेवर आलं होतं. पण हात... हात तिच्याआधी उठला. अख्खा उन्हाळा, दिवसातून कितीदा, काही तरी विहिरीत पडलं की तिचं बोट ओठांवर जात होतं. तसंच ते गेलं. खाली आवाज व्हायचा बाकी असताना या जागी बोलायचं नसतं, हे तिच्या अंगात भिनलं होतं. आणि तिला वाटलंही, किती छान... आधी तो आवाज येऊ दे, मग त्या शांततेत माझा शब्द. ती ओठांवर बोट ठेवून, डोळ्यांनी हसत त्याच्याकडे पाहत राहिली.

तो तिच्या त्या बोटाकडे पाहत राहिला.

डुबुक.

तिने बोट खाली घेतलं, तोंड उघडलं... आणि दार ढकलून शाळेची सहल आत घुसली. मुलंच मुलं. रादिमने टोपी डोक्यावर ठेवली, तिच्याकडे पाहून मान हलवली, अगदी समंजसपणे, आणि मुलांमधून वाट काढत बाहेर पडला.

लाजला बिचारा, मिलादाला वाटलं. संध्याकाळी सांगेन.

त्या दुपारी तिने कुनहुताची गोष्ट इतक्या आनंदात सांगितली म्हणे, की मुलांना वाटलं शेवटी दोघांचं लग्न झालं.

संध्याकाळी ती खाली आली. निळा झगा, केसांत काहीतरी खोचलेलं. नेहमीच्या बाकावर बसली आणि म्हणाली, “काका, दोन बिअर.”

दुपारच्या बसने रादिम गेला होता, हे गावाला ठाऊक झालं होतं. मी दोन पेले भरले, कारण दुसरं काय करावं ते मला सुचेना.

ओतिलियाने हात पुसले आणि तिच्यासमोर बसली. “त्याने विचारलं ना तुला?”

मिलादा लाजली. “तुम्हाला सांगितलं त्याने?”

“गोटा टाकला?”

“टाकला.”

“मग तू काय केलंस?”

मिलादाने हसत हसत ओठांवर बोट ठेवून दाखवलं.

मी आयुष्यात बऱ्याच गोष्टी वाढवून सांगितल्या आहेत, पण ती शांतता वाढवायची सोय नाही. ओतिलियाने तिचा तो हात हळूच धरून खाली घेतला, टेबलावर ठेवला, आणि मग गोष्टीचं शेपूट तिला सांगितलं.

“पण मी हो म्हणणार होते,” मिलादा म्हणाली.

“पाणी आधी बोललं, पोरी.”

“मी रोज हीच गोष्ट सांगते, काकू... रोज. लोकांना सांगते की कुनहुता गप्प राहिली. मी...” समोरच्या दुसऱ्या पेल्यातला फेस बसत गेला.

दुसऱ्या दिवशी ती दोरोताबाईंच्या दारात गेली. दोरोताबाईंनी तिला आत बसवलं, कोलाचे म्हणजे आलुबुखार भरलेले गोड पाव गरमगरम दिले, वर आणखी बांधून दिले. पत्ता दिला नाही. म्हणाल्या, तू त्याला बोलावशील, तो येईल आणि पुन्हा विचारेल. माझा एकच मुलगा आहे, आणि तो समुद्राकाठी गेला आहे. मिलादाने सांगितलं, की विचारू देणार नाही, मीच विचारेन. दोरोताबाई म्हणाल्या, पाण्याला तेवढा फरक कळत नाही.

मीही दोनदा जाऊन आलो. मलाही कोलाचे मिळाले.

मिलादाने मग नॉर्वेतली चर्चं नकाशात शोधली, कुठे कुठे फोन केले. कोणाला तिची भाषा कळेना, जिथे कळली तिथून तो नुकताच पुढच्या कामावर गेलेला असे. आणि मग पुढच्या नाताळच्या आधी गावात बातमी आली, की रादिमचं ठरलं आहे. मुलगी तिकडचीच, तोर्दिस नावाची. तिकडे विचारायला विहीर लागत नाही म्हणे. त्या दिवसापासून मिलादाने फोन केले नाहीत.

एका उन्हाळ्यापुरती आलेली ती मुलगी किल्ल्यावर राहिली ती राहिलीच. हळूहळू किल्ल्याचा सगळा कारभार तिच्याकडे आला. किल्ल्याच्या चाव्या तिच्या कमरेला आल्या. मागणी घालणारे आले नाहीत असं नाही. एक शिक्षक आला, एक वनखात्यातला आला, चांगली माणसं होती. ती त्यांना विहिरीपाशी नेतच नव्हती. छपरातलं ते राहिलेलं कौल मात्र तिने कोणाला बसवू दिलं नाही. वरच्या कचेरीतून साहेब यायचे, फट दाखवून विचारायचे, पाऊस आत येतो, हे काय? ती म्हणायची, ते मूळ बांधकाम आहे, मध्ययुगीन. साहेब मान डोलवायचे. खोटं रेटून कसं सांगायचं ते ती माझ्याकडून शिकली, याचा मला अभिमान आहे. पाऊस पडत असताना मी वर गेलो, की ती हमखास त्या फटीखाली उभी दिसायची. भिजायची थोडीशी.

मग अगदी परवा-परवा, म्हणजे त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, माझ्या दारात एक गाडी थांबली. रादिम उतरला. केस पांढरे झालेले; या खेपेला चुना नव्हता. दोरोताबाई त्या वसंतात गेल्या, घर विकायला आला होता. बरोबर तोर्दिस, उंच, मोकळ्या चेहऱ्याची बाई. तिला किल्ला बघायचा होता. नवऱ्याने बांधलेलं पहिलं छप्पर कुठल्या बायकोला बघायचं नसतं?

माझे गुडघे त्या चढाला केव्हाचे विटले आहेत. तरी मी वर गेलो. ओतिलिया म्हणाली, मेल्यावरही तुला वर कोण आलं ते बघायला जावं लागेल. खरं आहे.

दुपारची फेरी त्या दिवशी मिलादानेच घेतली. तिने त्याला दालनात पाहिलं. एक शब्द अडखळला नाही. सपाता सरकवत सगळे विहिरीपाशी आलो. सपाता काढल्या. चर्चची घंटा झाली. तिरीप काठावर पडली होती. रादिमने वर त्या फटीकडे पाहिलं आणि पाहतच राहिला.

मिलादाने कुनहुताची गोष्ट सांगितली. नेहमीपेक्षा थोडक्यात. मग पेला उचलला आणि पाणी ओतलं. पाणी चमकलं, गेलं. तिचं बोट सवयीने ओठांकडे निघालं... आणि अर्ध्या वाटेत थांबलं.

“हो,” ती म्हणाली.

मोठ्याने नव्हे. विहिरीत वाकून, जसं शेजारी उभ्या असलेल्या माणसाला सांगावं तसं. विहिरीने तो शब्द घेतला, भिंतीभिंतीला लावत खाली नेला.

मग डुबुक.

रादिमने टोपी काढली. दोन्ही हातांत धरून उभा राहिला, चर्चमध्ये उभं राहतात तसा. तोर्दिसने त्याच्या बाहीला हात लावून काहीतरी विचारलं. तिला काय विचारायचं होतं ते भाषा न कळताही कळलं. त्याने तिला तिच्या भाषेत उत्तर दिलं. उतरताना मी त्याला विचारल्याशिवाय राहिलो नाही, काय सांगितलंस?

“सांगितलं, विहिरीत पाणी अजून आहे.”

निघताना दारापाशी तो मिलादासमोर थांबला. ती म्हणाली, “छप्पर चांगलं टिकलंय.” तो म्हणाला, “एक कौल राहिलंय बघ बसवायचं.” ती म्हणाली, “राहू दे.” एवढंच. हात हातात घेतला, सोडला.

मागे त्या सहलीतल्या बायकांची कुजबुज सुरूच होती. आवाज कोणाचा आला? ती गाईड तर विहिरीत वाकली होती, तिचे ओठ कोणाला दिसले? मला विचारायला आल्या. आता मी काय सांगणार होतो? मी म्हटलं, बाई, ती कुनहुता. इतकी वर्षं झाली, आज उत्तर आलं.

तेव्हापासून होरानवर पाच भुतं आहेत. पाचवं दिसत नाही, फक्त ऐकू येतं. भर दुपारी, पाणी बोलायच्या आत. लांबून लांबून लोक येतात. काहींना खरंच ऐकू येतं म्हणतात. मिलादाला ठाऊक आहे हे कोणी पसरवलं. ती मला अजून रागे भरलेली नाही.

नव्या गाईडांना ती सगळं शिकवते. दालनात कुठे थांबायचं, दारातून भूत येतं तेव्हा आवाज किती खाली आणायचा, पेल्यात पाणी किती घ्यायचं. फक्त विहिरीपाशी कोणाला ओठांवर बोट ठेवू देत नाही. लोक खोकतात, कुजबुजतात, मुलं हसतात, आणि खालून येणारा तो आवाज अर्ध्यांना ऐकूच जात नाही. वरच्या कचेरीत तक्रारी जातात.

बोलू दे त्यांना, ती म्हणते.